नो बिग डील, ताई

४ जून

डावऱ्या,

आशीर्वाद आधीच घेऊन ठेव, कारण पुढे सगळी बोलणीच आहेत.

काल फोन केला तर तुझा फोन गुरुजींनी उचलला. तुझ्याबरोबर अठरा वर्षं लिफ्ट दुरुस्त करणारा हा माणूस, त्याला खोटं बोलता येत नाही हे एक बरं आहे. ते सहज बोलून गेले, "ताई, परवा याच्या हातून पाना निसटला. नवव्या मजल्यावरून थेट खालच्या खड्ड्यात." मी म्हटलं, द्या त्याला. तू आलास. मी विचारलं, "काय रे, हाताला काय झालं?" तर म्हणालास, "नो बिग डील, ताई," आणि भाऊजींची तब्येत विचारून फोन ठेवलास. भाऊजींची तब्येत! या माणसाला दहा वर्षांत साधी सर्दी झालेली नाही.

तर आता ऐक. आजपासून फोन बंद. पत्र लिहायचं, आणि तेही पानभर, पाठपोट. फोनवर 'नो बिग डील' म्हटलं की विषय मिटतो. कागदावर म्हटलंस तर खाली अख्खं पान कोरं राहील आणि ते मला दिसेल. चष्म्याच्या दुकानात तीस वर्षं काढलीत मी, माझ्या नजरेतून सहसा काही सुटत नाही.

दोन गोष्टी लिही. एक, हे तीन शब्द तू कुठून उचललेस आणि कशाकशाला वापरतोस. मला त्यांचा अर्थ कळतो रे, तेवढं इंग्रजी मला येतं. पण तू ते म्हणतोस तेव्हा नक्की काय म्हणतोस ते कळत नाही. आणि दोन, पाना कुठल्या हातातून पडला.

हे म्हणताहेत, "चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या आहे तो, सोड की जरा." मी म्हटलं, तुम्ही गप्प बसा, तुम्ही त्याची नाकं पुसलेली नाहीत.

ताई


१२ जून

प्रिय ताई,

नमस्कार. दोन्ही हात जोडून केलाय, म्हणजे दोन्ही हात जागेवर आहेत.

आधी तुझ्या पहिल्या प्रश्नाचं बघतो. हे शब्द आमच्या ऑफिसात हवेसारखे आहेत. साहेबांनी आणले आणि आम्ही सगळ्यांनी लावून घेतले. चौथ्या मजल्यावरची म्हातारी लिफ्टमध्ये अर्धा तास अडकली, तिला बाहेर काढलं, ती रडत म्हणाली, "तुझे फार उपकार झाले रे बाळा." आता यावर काय बोलणार? आपल्यालाही रडू यायला लागतं. मग 'नो बिग डील' म्हणायचं आणि पेटी उचलून निघायचं. हा एक उपयोग.

मग आमच्यात एक फुशारक्या आहे. तो नवं काही केलं की आधी सगळं सविस्तर सांगतो, मोटर केवढी होती, जिना किती अरुंद होता, मदतीला कुणी कसं नव्हतं, आणि शेवटी खांदे उडवून म्हणतो, "नो बिग डील." हे शब्द लावले की बढाई मारूनही माणूस साधा राहतो. मी स्वतः हे दोनदा केलंय, गुरुजींनी दोन्ही वेळा पकडलं.

चूक झाली असली तरी चालतं, फक्त समोरच्याने तोंड उघडायच्या आत आपण म्हणायला हवं. एकदा त्याने 'अरे बापरे' म्हटलं की उशीर झाला. एका ठिकाणी मात्र हे शब्द अजिबात वापरायचे नसतात. त्रास दुसऱ्याचा असेल तर. गुरुजींच्या मुलीचं लग्न मोडलं तेव्हा साहेबांनी त्यांच्या पाठीवर थाप मारून हेच म्हटलं होतं. गुरुजी आठवडाभर साहेबांशी बोलले नाहीत. आपल्या दुखण्याला म्हटलं तर माणूस मोठा दिसतो, दुसऱ्याच्या दुखण्याला म्हटलं तर मार खाण्याच्या लायकीचा होतो.

झालं तुझं समाधान? पाना हातातून पडला. हाताला ग्रीस होतं. खाली कुणी नव्हतं, कुणाला काही लागलं नाही.

मागची बाजू कोरी राहिली. नो बिग डील!

तुझा,
डावऱ्या


१९ जून

डावऱ्या,

पत्र वाचून हसून हसून पुरेवाट झाली. यांनाही वाचून दाखवलं, तेही त्या फुशारक्यावर हसले. हसून झाल्यावर बघते तर मी दोन प्रश्न विचारलेले आणि उत्तर एकाचंच आलंय. पाना 'हातातून' पडला म्हणे. पायातून पडला असं मी म्हटलंच नव्हतं.

आमच्या दुकानात समोरच्या भिंतीवर अक्षरांची पाटी असते. वरची मोठी अक्षरं सगळे धडाधड वाचतात. खालच्या दोन ओळी आल्या की काही जण अंदाजाने ठोकून देतात. चुकलं की हसतात, "तेवढं चालतं हो, ताई." अरे, मी काय परीक्षा घेते का? पण त्यांना माझ्यासमोर नापास व्हायचं नसतं. मग चुकीच्या नंबरचा चष्मा घालून जातात आणि महिनाभर जिन्यात ठेचकाळतात. मी आता त्यांना खालून वर वाचायला लावते. अंदाज करायला वावच राहत नाही.

तुलाही तसंच करणार आहे. तूच मागे सांगितलं होतंस ना, की प्रत्येक लिफ्टची एक वही असते आणि त्या वहीत 'किरकोळ' हा शब्द लिहायचा नाही असा तुझा आणि गुरुजींचा नियम आहे? दार थोडं अडकतंय असं लिहायचं नाही, किती अडकतंय, कितव्या मजल्यावर, कधीपासून, ते लिहायचं. कुणाच्या आईबापांनी त्यात पाय ठेवायचा असतो म्हणून. केवढा अभिमान वाटला होता मला तेव्हा. दुकानात चार गिऱ्हाइकांना सांगितलं होतं.

तर मग तुझ्या त्या हाताची नोंद लिही. लिफ्टची लिहितोस तशी. आणि पान पूर्ण भर, माझ्याशी चालूपणा नको.

ताई


३ जुलै

ताई,

तू जिंकलीस. घे नोंद.

यंत्र : डावा हात. वापर : चव्वेचाळीस वर्षं, त्यातली बावीस लिफ्टच्या कामावर. लिहिणं, जेवणं, पाना धरणं, सगळं यानेच.

बिघाड : करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर. आधी मधूनमधून मुंग्या यायच्या, गेल्या डिसेंबरपासून कायमच्या. हात मुठीत घट्ट मिटत नाही. शर्टाची बटणं लावायला पाच मिनिटं लागतात, आता वरून घालायचे शर्ट घेतलेत. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधली जागा खोल गेली आहे. किल्ली फिरवायला उजवा हात लागतो.

किती वेळा : पाना दोनदा पडला. गुरुजींनी तुला एकदाच सांगितलं, कारण पहिला त्यांना माहीत नाही.

धोका : ताई, खाली कुणी नव्हतं हे खरं आहे. पण दहा मिनिटं आधी होते. गुरुजी खड्ड्यात उतरून साफसफाई करत होते. चहा आणायला म्हणून वर आले, माझ्यासाठीच, आणि तेवढ्यात माझी मूठ आपोआप सुटली. नऊ मजले. पाना पोचल्याचा आवाज अजून कानात आहे. गुरुजी दोन कप घेऊन आले, खाली डोकावले आणि म्हणाले, "ग्रीस पुसत जा रे." मी हो म्हणालो. हात कोरडा होता.

वहीत काय लिहिलं : काही नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

कारण : (इथे एक ओळ खोडली आहे, वाचायच्या भानगडीत पडू नकोस.) वय झालं.

उपाय : बघू.

पान भरलं. पाठपोट. आता खूश?

डावऱ्या


११ जुलै

डावऱ्या, माझ्या राजा,

गुरुजींना सांग. आज सांग. ते खाली उतरायच्या आधी सांग. तुला ओरडतील, दोन शिव्या घालतील, घालू देत. तुझी मूठ सुटते हे ज्याच्या डोक्यावर तू काम करतोस त्याला माहीत हवं. आणि डॉक्टरकडे जा.

खोडलेली ओळ मी दुकानातल्या भिंगाखाली धरली. मन लावून खोडलीयेस. एकच शब्द लागला, 'कोपर'.

कोपराचं काय?

ताई


२५ जुलै

ताई,

कोपराचं काही नाही. असंच लिहिलं होतं. सध्या कामाचा लोंढा आहे, तीन इमारतींची वार्षिक तपासणी एकदम आली. गुरुजींना सांगणार आहे, योग्य वेळ बघून. काळजी करू नकोस.

नो बिग डील.

डावऱ्या


१ ऑगस्ट

काय रे,

हे कुणाकडून लिहून घेतलंस?

तुझं अक्षर मी ओळखते. तुला अक्षर काढायला मीच शिकवलंय, मी उजवी आणि तू डावरा, समोरासमोर बसून. हे अक्षर तुझं नाही. वेडंवाकडं, ओळ सोडून पळणारं, कुणीतरी घाईत खरडलेलं. माझ्यासाठी चार ओळी स्वतः लिहायचाही कंटाळा आला? तसं सरळ सांगायचं. मी पानभराचा नियम केला म्हणून राग आलाय का? मग भांड की माझ्याशी! दुसऱ्याच्या हातून 'नो बिग डील' लिहून पाठवायचं म्हणजे हद्दच झाली.

हे म्हणाले, जरा शांत हो, मग लिही. मी शांत झाले नाही आणि लिहिलं.

ताई


८ ऑगस्ट

ताई,

कुणी लिहून दिलं नाही. उजव्या हाताने लिहिलं.

जुलैचं मोठं पत्र डाव्याने लिहिलं होतं. चार दिवस लागले. जेवायच्या सुट्टीत थोडं थोडं. पेन बोटांतून घरंगळतं, रबर गुंडाळून जाड केलं तरी. तू पानभर मागितलंस, मला नाही म्हणवेना. तुझ्याकडून पत्रं यायला लागली, तीही मला हवीच होती.

हेही उजव्याने लिहितोय. पहिलीतल्या पोरासारखं झालंय ते मला दिसतंय.

रागावू नकोस.

डावऱ्या


१४ ऑगस्ट

माझ्या बाळा,

तुझं पत्र दुकानात आलं. गिऱ्हाईक समोर बसलेलं होतं, त्याला तसंच सोडून मागच्या खोलीत गेले आणि तोंडात पदर कोंबून रडले. मी पानभर मागत होते आणि तू चार चार दिवस हात मोडून देत होतास. मीच कशी तुझी वैरीण झाले!

आता मी लिहिते पानभर. इतकी वर्षं तू माझ्यासमोर बसलास, पण हे माझ्या तोंडून निघालं नाही.

कोपराचं मला माहीत आहे. 'कोपर' वाचलं तेव्हाच सगळं आठवलं. तू सात वर्षांचा होतास, मी पंधराची. आईला जाऊन वर्ष झालं नव्हतं. बाबा ट्रक घेऊन बाहेर. तू जिन्याच्या कठड्यावरून घसरत आलास आणि खाली आपटलास, डाव्या कोपरावर. तू किंचाळलास. मी हात बघितला, सुजायला लागला होता. आणि मी म्हटलं, "त्यात काय एवढं? मुका मार आहे. उठ."

मला तसं वाटत नव्हतं रे. मी घाबरले होते. घर माझ्यावर टाकून बाबा गेले होते, आणि मला पोर सांभाळता येत नाही असं झालं तर तुला मावशीकडे पाठवतील, ही धास्ती होती. मग मी टॉवेलने हात बांधला आणि चार दिवस तेच म्हणत राहिले. त्यात काय एवढं. दुसऱ्या दिवशी तू रडायचा थांबलास. मला वाटलं बरं वाटतंय. तू माझ्याकडे बघून थांबला होतास, हे मला फार उशिरा कळलं.

पाचव्या दिवशी बाबा आले. विचारलं कधी पडला? मी म्हटलं, आज सकाळी. बाबांनी तुला विचारलं. तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "आज सकाळी." सात वर्षांचा जीव. डॉक्टर म्हणाले, उशीर झालाय, हाड थोडं वाकडं बसणार. बाबा म्हणाले, सकाळीच तर पडला, उशीर कसला? डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं आणि प्लास्टर घालायला घेतलं.

तुझा हात सरळ केला की कोपरापाशी बाहेर वळतो, तो माझ्यामुळे. तो मला तुझ्या प्रत्येक फोटोत आधी दिसतो.

तू इंग्रजीत म्हणतोस ते माझंच मराठी आहे. ऑफिसातून नाही आणलंस. माझ्याकडून घेतलंस.

आता सांग, डॉक्टर काय म्हणाले? 'उपाय : बघू' लिहिलंस तेव्हाच मी ओळखलं, तू जाऊन आलायस. एक शब्दही लहान करून सांगू नकोस.

ताई


२३ ऑगस्ट

ताई,

हे पत्र मी बोलतोय आणि गुरुजी लिहिताहेत, म्हणून अक्षर सुंदर आहे. त्यांनी अट घातली आहे की मी जे सांगेन ते सगळं लिहिणार, गाळणार नाहीत. मधेमधे डोळे पुसताहेत, तेही लिहा म्हटलं तर नको म्हणाले.

गुरुजींना सांगितलं. तुझं पत्र आलं त्याच दिवशी. मशीनच्या खोलीत पेटी उघडून बसलो होतो. मी म्हटलं, "पाना ग्रीसने पडला नाही. मूठ सुटते माझी. दोनदा सुटली." त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाले, "मी तुझ्यासाठी चहा आणायला गेलो होतो म्हणून वाचलो, आणि मी ग्रीस म्हटलं तर तू नुसतं हो म्हणालास?" मग त्यांनी माझा कामाचा पट्टा काढून घेतला, स्वतः, एकेक बकल सोडवून, कारण मला ती सुटत नाहीत हे त्यांना तेव्हा दिसलं. मग वही उघडून तारीख घालून सगळं लिहिलं. मग दोन शिव्या दिल्या. तू म्हणाली होतीस तशाच.

डॉक्टरकडे मी मार्चमध्येच गेलो होतो. कोपरातून एक नस जाते. हाड वाकडं बसलेलं असलं की हात दुमडला की ती ताणली जाते, रोज थोडी थोडी, वर्षानुवर्षं, आणि मग एक दिवस बोटं जातात. त्यांनी विचारलं, "लहानपणी कोपर मोडलं होतं का?" मी म्हटलं, आठवत नाही. ते म्हणाले, एक्स-रेत स्पष्ट दिसतंय. ऑपरेशन करून नस जागेवरून हलवायची, पण लवकर. मी म्हटलं, बघू.

ऑपरेशन म्हटलं की तू येणार. तू आलीस की कागद वाचणार. कागदावर लिहिलेलं असणार, 'लहानपणीच्या मोडलेल्या कोपरामुळे'. म्हणून थांबलो. मला वाटलं, तुला काही आठवत नसेल. कशाला उकरून काढायचं?

आता माझं ऐक. मला त्या चार दिवसांतलं दुखणं आठवतं, खोटं कशाला बोलू, फार दुखत होतं. पण तू चारही दिवस शाळेत गेली नाहीस. मला भरवलंस. माझा गृहपाठ तू डाव्या हाताने लिहिलास, बाईंना कळू नये म्हणून, आणि आपण दोघं त्या अक्षरावर हसलो होतो. बाबांना 'आज सकाळी' म्हणालो ते तू डोळे वटारलेस म्हणून नाही. तुला कुणी बोलू नये असं मला वाटलं म्हणून. मला मावशीकडे जायचं नव्हतं. मला तुझ्याकडेच राहायचं होतं.

ऑपरेशन पाच सप्टेंबरला. ये.

डावऱ्या

(ताई, मी गुरुजी. मुलगा हट्टी आहे पण सोन्यासारखा आहे. आपण येईपर्यंत त्याचा डबा माझ्या घरून जाईल. बटणं मी लावतो.)


२६ सप्टेंबर

डावऱ्या,

नीट पोचले. हे स्टेशनवर आले होते, मला बघून म्हणाले, "तू बारीक झालीस." तीन आठवडे तुझ्या त्या एका खोलीत स्टुलावर बसून काढले, होणारच की. पण बाकी छान गेले दिवस. तुझ्या शेजारणीशी माझी इतकी गट्टी जमली की ती मला चष्म्याचा नंबर विचारायला आता फोन करणार आहे.

निघताना तू दारात म्हणालास, "ताई, तू आलीस म्हणून निभावलं." माझ्या तोंडून सवयीने गेलं, "त्यात काय एवढं?" आणि तू केवढा चिडलास! सबंध जिनाभर बोलला नाहीस. गाडीत बसल्यावर मी विचार केला. तू बरोबर होतास. पुढच्या वेळी असं म्हणालास तर मी गप्प बसून ऐकून घेईन. मला ते जमेल की नाही माहीत नाही, पण बघते.

रबरी चेंडू दाबतोयस ना? दिवसातून सहा वेळा. खालून वर मोजायला लावीन.

ताई


९ नोव्हेंबर

ताई,

हे डाव्या हाताने लिहितोय. अक्षर बघ. करंगळीला आता गरम-गार कळतं, चहाच्या कपाला लागली तर चटका बसतो. मला चटका बसल्याचा आनंद झाला आणि मी खोलीत एकटाच ओरडलो.

काल शेवटची तपासणी होती. डॉक्टर म्हणाले, संवेदना परत येतेय, आणखी येईल. ताकद मात्र जेवढी गेली तेवढी सगळी येणार नाही. स्नायू वाळलेत. लिहिता येईल, जेवता येईल, बटणं हळूहळू लागतील. शाफ्टमध्ये, म्हणजे लिफ्ट वरखाली जाते त्या उभ्या विहिरीत, चढून काम करता येणार नाही. आता नाही आणि पुढेही नाही. मी विचारलं, मार्चमध्ये केलं असतं तर? ते म्हणाले, बराच फरक पडला असता. हे तुला सांगू की नको याचा पूर्ण दिवस विचार केला. तू एक शब्दही लहान करू नकोस म्हणाली होतीस. म्हणून सांगतोय. थांबायचं मी ठरवलं होतं, तू नाही. हे पुन्हा वाच.

आज ऑफिसात जाऊन साहेबांना डॉक्टरांचा कागद दिला. त्यांनी वाचला आणि म्हणाले, "नो बिग डील! तुला खाली टेबलावर बसवतो, तक्रारींचे फोन घे. पंख्याखाली आराम." मनाने वाईट नाहीत ते. पगार तोच ठेवलाय. माझ्या पाठीवर थापही मारली.

मी हो म्हणालो आणि बाहेर आलो. गुरुजी जिन्यात उभे होते. त्यांना नवा जोडीदार मिळालाय, चांगला आहे, मीच त्याला शाफ्टमधल्या खाणाखुणा दाखवल्या. गुरुजी वर जायला निघाले आणि सवयीने मागे वळून बघितलं, मी येतोय का. मग त्यांच्या लक्षात आलं. ते तसेच उभे राहिले. मीही.

ताई, बावीस वर्षं मी त्या अंधाऱ्या शाफ्टमध्ये उभा राहून दोऱ्यांचा आवाज ऐकलाय. नुसत्या आवाजावरून सांगायचो, कुठलं चाक झिजलंय. मला ते काम फार आवडायचं. मी हे कधी कुणाला बोललो नाही. विचारलं की म्हणायचो, काय, लिफ्ट वर जाते, खाली येते. आता ते गेलं. मला फार वाईट वाटतंय. दोन दिवस जेवण जात नाहीये. सोमवारी त्या टेबलावर जाऊन बसायचं म्हटलं की नको वाटतं.

हे मोठं आहे, ताई. माझ्यासाठी फार मोठं आहे.

मागची बाजूही भरली. चार दिवस नाही लागले, एका बैठकीत लिहिलं, हात दुखतोय.

डावऱ्या


१३ नोव्हेंबर

डावऱ्या,

पत्र आज मिळालं. तीनदा वाचलं. तू म्हणालास ते वाक्यही पुन्हा वाचलं. मी ते सगळंच्या सगळं मानू शकणार नाही, पण तू लिहिलंस म्हणून जवळ ठेवते.

हो, मोठं आहे. खूप मोठं आहे. मी तुला होईल सगळं ठीक असं म्हणणार नाही. तुझं आवडतं काम गेलं आणि तुला रडू येत असेल तर रड. मीही इथे रडतेय, यांनी घराचं दार आतून लावून घेतलंय.

मालकांकडून आठ दिवसांची सुट्टी घेतली. उद्या दुपारच्या गाडीने निघते. सोमवारी सकाळी तुझ्याबरोबर ऑफिसच्या दारापर्यंत येईन. आत येणार नाही, तुझी फजिती करणार नाही. संध्याकाळी सुटशील तेव्हा तिथेच उभी असेन, आणि दिवस कसा गेला ते मला सगळं ऐकायचंय.

हे पत्र आज रात्री तिकडे निघालेल्या एका गिऱ्हाइकाच्या हाती देतेय, उद्या सकाळी तुला मिळेल. स्टेशनवर घ्यायला ये. बॅग मीच उचलीन, तू नुसता ये.

ताई